काळी एक, ड्रॉप सी शार्प

माझ्या फोनमध्ये एक ऑडिओ क्लिप आहे. ४ मिनिटं ११ सेकंदांची. २०१७ च्या जानेवारीत आमच्या बँडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी ती टाकली होती. त्यात मिरजेचा एक तंबोरा वाजतो, मध्येच कुणीतरी खोकतं, बाहेरून एक रिक्षा जाते आणि शेवटी एक म्हातारा आवाज म्हणतो, "आता बघ."

आम्ही चौघांनी सांगलीत इंजिनिअरिंग करता करता दोन वर्षं एक अल्बम केला. प्रोग्रेसिव्ह मेटलचा. पाच गाणी, एकूण ४३ मिनिटं. त्यातलं आज फक्त हेच उरलंय. बाकीचं कसं गेलं ते पुढे सांगतो, कारण त्यात माझा हात आहे. पण त्याआधी या क्लिपपर्यंत आम्ही कसे पोचलो ते सांगायला हवं. ते सांगताना मला मध्येच १८१८ सालात जावं लागणार आहे, आणि मग मिरजेत राहून गेलेल्या एका गवयाच्या तीन मिनिटांच्या तबकड्यांकडे. थोडा धीर धरा.

दिल्लीतल्या खोलीतून

मी साताऱ्याचा. घरी गाणं म्हणजे आजोबांचा रेडिओ आणि गणपतीतला ऑर्केस्ट्रा. २०१४ मध्ये सांगलीला अ‍ॅडमिशन मिळाली आणि हॉस्टेलवर माझी मेटलशी गाठ पडली. तेव्हा जिओ यायचं होतं. गाणी मिळायची ती हॉस्टेलच्या लॅनवर डीसी प्लस प्लसमधून, नाहीतर सीनिअरच्या पेनड्राइव्हमधून. त्या पेनड्राइव्हमध्ये एक फोल्डर होतं: स्कायहार्बर.

स्कायहार्बर हा आपल्याकडचा बँड आहे हे मला दोन आठवडे माहीतच नव्हतं. मी त्यांना इंग्रज समजत होतो. त्यांचा पहिला अल्बम, 'ब्लाइंडिंग व्हाइट नॉइज: इल्यूजन अँड केऑस', एप्रिल २०१२ मध्ये बेसिक रेकॉर्ड्स या ब्रिटिश लेबलनं काढला. तो सुरू झाला होता दिल्लीत, केशव धर नावाच्या गिटारिस्टच्या घरच्या स्टुडिओत. एकट्यानं गिटार रेकॉर्ड करायची, इंटरनेटवर टाकायची, लोकांनी ऐकायची, असं करत करत तो बँड झाला. 'इल्यूजन' या भागात गायला डॅनियल टॉम्पकिन्स, इंग्लंडच्या टेसरॅक्ट बँडचा गायक. 'केऑस' या भागात ओरडायला मुंबईच्या भयानक मौत बँडचा सुनीत रेवणकर. ड्रम्सवर अनुप शास्त्री, अमेरिकेतला. पाहुणा म्हणून गिटार सोलो वाजवायला चक्क मेगाडेथमधून बाहेर पडलेला मार्टी फ्रीडमन.

म्हणजे वेगवेगळ्या खंडांतली माणसं, आणि त्यांच्यामधून ये-जा करणाऱ्या फाइली. हे कळल्यावर आमच्या खोलीत जे झालं ते मी कधी विसरणार नाही. आमचा गिटारिस्ट सांगलीचाच, गावभागातला, तो फक्त हॉस्टेलवर पडीक असायचा. तो म्हणाला, "अरे, मग आपल्याला काय धाड भरलीय?"

खरंच काय धाड भरली होती? लॅपटॉप होता. रीपर हे सॉफ्टवेअर होतं. सेकंडहँड ऑडिओ इंटरफेस सात हजारांत मिळाला. ड्रमरकडे ड्रम सेट नव्हता, म्हणून तो माउसनं एकेक ठोका टाकत ड्रम्स लिहायचा. मी बेस वाजवायचो आणि फाइली सांभाळायचो. फाइली सांभाळणं हे माझं काम होतं, हे लक्षात ठेवा.

तीन मिनिटांची शिक्षा

ज्यांनी प्रोग्रेसिव्ह मेटल ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मेटलचा जड आवाज, पण गाणं सरळ चालत नाही. सातच्या, अकराच्या मात्रांमध्ये फिरतं, मध्येच थांबतं, दहा-बारा मिनिटं चालतं, आणि बऱ्याचदा सगळा अल्बम मिळून एकच गोष्ट सांगतो. या प्रकाराचं सगळ्यांना माहीत असलेलं नाव म्हणजे ड्रीम थिएटर. १९८५ मध्ये बोस्टनच्या बर्कली कॉलेजात शिकणाऱ्या पोरांनी सुरू केलेला बँड. १९९२ चा त्यांचा 'इमेजेस अँड वर्ड्स' आणि १९९९ चा 'मेट्रोपोलिस पार्ट टू: सीन्स फ्रॉम अ मेमरी' हे दोन अल्बम आमच्या हॉस्टेलवर पोथीसारखे होते. दुसरा ७७ मिनिटांचा आहे, सलग एक कथा. त्यातलं 'होम' नावाचं गाणं सुरू होतं ते सतारीच्या सुरानं.

७७ मिनिटं हा आकडा उगाच आलेला नाही. सीडीवर साधारण तेवढंच मावतं. संगीत किती लांब असावं हे बहुतेक वेळा गवई ठरवत नाही, ते ज्या वस्तूवर साठवायचं ती वस्तू ठरवते. १९०२ मध्ये फ्रेड गेसबर्गनं कलकत्त्यात गौहर जानचं गाणं रेकॉर्ड केलं तेव्हा एका तबकडीवर तीन मिनिटांच्या आसपास गाणं मावायचं. आपल्याकडे ज्या गाण्याला एक राग मांडायला तास लागतो ते गाणं तीन मिनिटांत कोंबायचं होतं. पुढं कंपन्या अशा अनेक तबकड्या फोटोच्या अल्बमसारख्या पुठ्ठ्याच्या पुस्तकात घालून विकायला लागल्या. 'अल्बम' हा शब्द तिथून आला. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीनं लाँग प्ले तबकडी आणली, एका बाजूला २० मिनिटांच्या वर. १९५५ मध्ये अली अकबर खाँचा एलपी अमेरिकेत निघाला आणि राग पहिल्यांदा पाय पसरून तबकडीवर बसला. साठच्या दशकाच्या शेवटी रॉकवाल्यांनीही तेच केलं. प्रोग्रेसिव्ह रॉक हे एलपीचं अपत्य आहे आणि प्रोग्रेसिव्ह मेटल सीडीचं.

आमचं अपत्य कशाचं होतं? ४३ मिनिटं कोण ऐकणार, हा प्रश्न आम्हाला तेव्हा पडला नाही. आम्हाला फक्त पाचव्या गाण्याच्या सुरुवातीला तंबोरा हवा होता.

शिकलगार

आधी आम्ही अ‍ॅपमधला तंबोरा वापरला. फोनमधून सरळ केबल. ऐकायला स्वच्छ, पण त्यावर गिटार आली की तो गायब व्हायचा. मी इक्वलायझर फिरवून दमलो. शेवटी ड्रमर म्हणाला, "मिरज दहा किलोमीटरवर आहे आणि आपण अ‍ॅपचा तंबोरा लावतोय. लाज वाटायला पाहिजे."

जे सांगली-मिरजेत वाढलेत त्यांना यात काही नवीन नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. देशभरातले गवई ज्या तंबोऱ्यांना साथीला घेऊन बसतात त्यातले कितीतरी मिरजेत झालेले असतात. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. तिथं दारात भोपळे वाळत घातलेले दिसतात. हे खायचे भोपळे नाहीत, कडू भोपळे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे. आत लाकडाचा भुसा, पॉलिशचा वास आणि तारा जुळवायचा आवाज.

ही कला मिरजेत कशी आली याची हकीकत मोठी विलक्षण आहे. हे कारागीर मूळचे शिकलगार. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी बनवणारे आणि त्यांना धार लावणारे. आमच्या भाषेत सांगायचं तर मूळचे मेटलवाले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य वारस नसल्याचं कारण देऊन डलहौसीनं खालसा केलं. १८५७ नंतर लोकांची हत्यारं काढून घेतली गेली आणि १८७८ मध्ये शस्त्रांचा कायदाच आला. ज्यांचं पोट हत्यारांवर होतं त्यांनी काय करायचं? मिरजेतली परंपरा असं सांगते की फरीदसाहेब नावाच्या शिकलगारानं, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं, १८५० च्या सुमारास तंतुवाद्यं दुरुस्त करता करता ती बनवायला सुरुवात केली. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी सतारमेकर हेच आडनाव लावलं.

मी साताऱ्याचा आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शाळेत साताऱ्याची गादी खालसा झाली हे आम्ही तारखेसकट पाठ केलं होतं. पण ती गादी गेल्यावर तलवारीला धार लावणाऱ्या माणसाचं दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं, हे कुणी शिकवलं नव्हतं. राज्य जातं तेव्हा फक्त राजा बेकार होत नाही. मिरजेत त्या बेकारीतून तंबोरा निघाला.

हा पंचम खरा आहे

जानेवारी २०१७. आम्ही दोघं, मी आणि गिटारिस्ट, लॅपटॉप आणि एक माइक घेऊन गल्लीत एका दुकानात गेलो. आत एक सत्तरीचे गृहस्थ एका तंबोऱ्याच्या घोडीवर कानस चालवत बसले होते. आम्ही त्यांना चाचा म्हणालो. ते म्हणाले, "बसा की." आम्ही सांगितलं, पैसे देतो, दहा मिनिटं तंबोरा वाजवून द्या, रेकॉर्ड करायचाय.

"कशाला पाहिजे?"

"आमच्या अल्बमला."

"कसलं गाणं?"

आता प्रोग्रेसिव्ह मेटल कसं समजवायचं? गिटारिस्टनं सरळ हेडफोन काढून त्यांना दिला. मला वाटलं, संपलं, आता हाकलून देणार. चाचांनी डोळे मिटून पूर्ण एक मिनिट ऐकलं. ड्रॉप सी शार्पमधली डिस्टॉर्शनची गिटार, खाली डबल बेस ड्रम. मग हेडफोन काढून म्हणाले, "पट्टी काळी एक आहे. हा पंचम खरा आहे. पुढं एक गंधार येतोय, तो खोटा आहे."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्या क्षणी आम्हाला यातलं अर्धंही समजलं नाही. नंतर हॉस्टेलवर येऊन मी दोन रात्री त्यावर घालवल्या. जे समजलं ते सांगतो.

मेटलचा गिटारिस्ट बऱ्याचदा सगळ्यात जाड तार उतरवून ठेवतो. ड्रॉप सी शार्पमध्ये खालच्या तीन तारा मोकळ्या छेडल्या की सी शार्प, जी शार्प, सी शार्प असे सूर निघतात. याला पॉवर कॉर्ड म्हणतात. आता तंबोरा बघा. पुरुष गवयाचा, काळी एकमध्ये लावलेला. चार तारा: पंचम, षड्ज, षड्ज आणि खर्जाचा षड्ज. काळी एक म्हणजे सी शार्प, तिचा पंचम जी शार्प. तेच सूर. खर्जाची तार आणि आमच्या गिटारची सगळ्यात जाड तार, दोन्हींची उंचीसुद्धा एकच. हजार वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर लावून आम्ही जे वाजवत होतो, ते या गल्लीत भुशात बसून माणसं दीडशे वर्षं जुळवत होती.

आणखी एक साम्य आहे. तंबोऱ्याची तार घोडीच्या सपाट, किंचित गोलसर पाठीला जाता जाता घासते. तारेखाली सुताचा एक धागा सरकवून ती घासण नेमकी बसवतात. ही जवारी. तिच्यामुळे एका सुरातून वरचे सूर फुलत जातात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं. तारेला जिथं छेडतो तिथं स्थिर राहणारे स्वरांश ऐकू येऊ नयेत असा जुना नियम होता. तंबोऱ्यात ते ऐकू येतात, असं त्यांनी दाखवलं. गिटारचं डिस्टॉर्शनही हेच काम वेगळ्या मार्गानं करतं. सिग्नलचा माथा छाटला की वरचे स्वरांश तयार होतात. जवारी हे लाकडावरचं डिस्टॉर्शन आहे, असं मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं.

आता खोट्या गंधाराचं. गिटारचे पडदे सप्तकाचे १२ सारखे भाग करून बसवलेले असतात. पियानो, हार्मोनियम, कीबोर्ड, सगळ्यांचं तेच. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर निसर्गाचा शुद्ध पंचम ७०२ सेंटवर येतो आणि गिटारचा ७०० वर. चालून जातं. पण शुद्ध गंधार ३८६ वर आणि गिटारचा ४०० वर. चौदाचा फरक. साध्या आवाजात तो लपतो. पण डिस्टॉर्शन लावलं की वरचे स्वरांश बाहेर येतात आणि एकमेकांवर आपटायला लागतात. २२० हर्ट्झचा षड्ज धरला तर त्याचा पाचवा स्वरांश ११००, आणि गिटारच्या गंधाराचा चौथा ११०८ च्या पुढं. सेकंदाला जवळपास ९ वेळा थरथर. पंचमाची थरथर सेकंदाला एकदासुद्धा पूर्ण होत नाही. म्हणून मेटलमध्ये गंधार टाळतात आणि नुसता पंचम वाजवतात. पॉवर कॉर्ड जगभर का पसरली याचं हे एक कारण. आम्हाला हे यूट्यूबनं कधी सांगितलं नव्हतं. कानस हातात धरलेल्या माणसानं एका मिनिटात सांगितलं.

बावीस श्रुतींची पेटी

गंमत म्हणजे या चौदा सेंटवर आमच्याच जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी लोकांनी आयुष्य घातलं होतं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. भारतीय गाण्यातले सूर नेमके कुठे असतात हे मोजायचं होतं. अर्नेस्ट क्लेमंट्स हा आयसीएस अधिकारी त्यांना येऊन मिळाला, त्यानं १९१३ मध्ये आपलं पुस्तक काढलं. आणि सूर गाऊन दाखवायला त्यांच्याबरोबर होते अब्दुल करीम खाँ.

दोघांनी श्रुतींची हार्मोनियम बनवून घेतली, लंडनच्या कारखान्यात. बारा पट्ट्यांत न मावणारे सूर वाजवू शकणारी पेटी. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथं श्रुतींवर जोरदार वाद झाला. पंडित भातखंड्यांना देवल-क्लेमंट्सचं गणित पटलं नाही. पेटी मागे पडली. पुढं १९४० मध्ये आकाशवाणीनं साधी हार्मोनियमसुद्धा बंद केली, ती बंदी उठायला १९७१ उजाडलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला देवलांबद्दल वेगळीच आपुलकी वाटते. जे कानाला कळतं ते आकड्यात बसवायचं, मग आकड्यावरून यंत्र बनवायचं, मग यंत्र गवयासमोर ठेवायचं आणि गवयानं मान हलवायची, नकारार्थी. आमच्या प्रत्येक रिलीजला हेच होतं. देवल चुकले की बरोबर होते हा वाद तज्ज्ञांनी करावा. पण प्रश्न खरा होता. आजही तो प्रत्येक ऑटोट्यूनमध्ये आहे. गायकाचा गंधार शुद्ध लागला तरी सॉफ्टवेअर तो ओढून ४०० वर नेऊन ठेवतं आणि आपण त्याला सुधारणा म्हणतो.

खाँसाहेबांच्या तबकड्या

मी मिरजेला जाऊन आलो हे साताऱ्याला आजोबांना सांगितलं तर त्यांनी तंबोऱ्याबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाले, "मग खाँसाहेबांच्या मजारीला गेलास का?"

अब्दुल करीम खाँ १८७२ मध्ये उत्तरेत कैराना इथं जन्मले. किराणा घराण्याचं नाव त्या गावावरून. बडोद्याला दरबारात होते, १९१३ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं, आणि शेवटची वर्षं मिरजेत राहिले. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर १९०५ मध्ये मिरजेतच जन्मली होती. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. खाँसाहेबांचा सुराचा हट्ट एवढा की ते तंबोरे स्वतः जुळवत आणि दुरुस्तही करत. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या सिंगपेरुमाळकोईल स्टेशनवर त्यांचा देह पडला. त्यांना मिरजेत आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं. तिथं उरुसात दरवर्षी गवई येऊन हजेरी लावतात.

त्यांच्या तबकड्या दोन काळातल्या आहेत. पहिल्या १९०५ च्या सुमाराच्या. तेव्हा माइक नव्हता. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, आवाजाच्या धक्क्यानं सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. १९२५ नंतर माइक आला. दुसऱ्या तबकड्या तिसाव्या दशकातल्या, ओडियन कंपनीच्या. त्यातली झिंझोटीतली आणि भैरवीतली ठुमरी आजही लोक ऐकतात. मी ती झिंझोटी हेडफोनवर ऐकली तेव्हा साठीतला माणूस गातोय असं वाटलंच नाही. आवाज पातळ, सरळ, दोऱ्यासारखा. त्यात तंबोरा जेमतेम ऐकू येतो, पण सगळं गाणं त्याच्यावर टेकलंय. माणूस तीन मिनिटांत काही कोंबत नाही. त्याला घाईच नाही. एका सुरावर थांबतो, जणू पुढं अख्खी रात्र आहे.

आम्ही ४३ मिनिटं घेऊनही घाईत होतो. दर आठ सेकंदांनी रिफ बदलत होतो, कारण ऐकणारा कंटाळेल याची भीती. खाँसाहेबांकडे तीनच मिनिटं होती आणि त्यांना ती भीती नव्हती. त्या रात्री आम्ही पाचव्या गाण्याची पहिली दोन मिनिटं पुसून टाकली. तिथं फक्त तंबोरा ठेवला.

ऑगस्ट २०१९

२०१८ मध्ये डिग्री झाली. मला पुण्यात नोकरी लागली, ड्रमर बंगळुरूला गेला, गायक एमबीएला. गिटारिस्ट सांगलीतच राहिला. मिक्सिंग तो करणार होता, त्यामुळे हार्ड डिस्क त्याच्याकडे ठेवली. मी म्हणालो, "एक कॉपी मी क्लाउडवर टाकतो, सुट्टीला आलो की घेऊन जातो." फोल्डरचं नाव होतं 'अल्बम फायनल ३'. साधारण ९० जीबी. मी चार वेळा सांगलीला जाऊन आलो. चारही वेळा म्हणालो, पुढच्या वेळी.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. २००५ च्या पुराच्या खुणा सांगलीत भिंतींवर रंगवलेल्या होत्या, लोक त्यांच्याकडे बघून निर्धास्त असायचे. पाणी त्या खुणांच्या वर गेलं. आयर्विन पुलाची पातळी सांगणारे मेसेज मी पुण्यात डेस्कवर बसून वाचत होतो. गावभागातल्या त्याच्या घरी पाणी पहिल्या मजल्यावर शिरलं. घरातली माणसं बोटीतून काढली. आजी, आई, दोन गॅस सिलिंडर, कागदपत्रांची पिशवी. गिटार, लॅपटॉप, हार्ड डिस्क आतच राहिलं.

आठवड्यानंतर तो घरात गेला तेव्हा गुडघाभर गाळ होता. त्यानं गिटारचा फोटो पाठवला. मान वाकून सुटली होती. मी लिहिलं, "डिस्क?" त्यानं लिहिलं, "वाळत घातलीय." शेवटी हसणारा इमोजी. डिस्क वाळली, पण चालली नाही. पुण्यात मी ती डेटा रिकव्हरीवाल्याला दाखवली. त्यानं उघडून बघितली आणि परत स्क्रू लावून दिली.

लोकांची घरं गेली, जनावरं गेली, माणसं गेली. त्यात पाच गाण्यांचं काय घेऊन बसायचं? म्हणून आम्ही त्यावर कधी बोललोच नाही. पण मी रोज ऑफिसात दुसऱ्यांच्या डेटाचे तीन तीन बॅकअप ठेवतो, तीन वेगळ्या शहरांत. माझ्या मित्राच्या दोन वर्षांच्या कामाचा एकही ठेवला नाही. त्यानं मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. तो आता वडिलांच्या दुकानात बसतो. पुरानंतर त्यानं गिटार घेतली नाही.

आता बघ

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. म्हणजे 'मिरज तंबोरा' हे नाव आता कायद्यानं राखीव झालं. ती बातमी मी ग्रुपवर टाकली. पाच वर्षांत त्या ग्रुपवर वाढदिवसांपलीकडे काही आलं नव्हतं. खाली गिटारिस्टचं उत्तर आलं: "चाचा असतील का रे?"

आम्ही दोघं गेलो. चाचा होते, नजर कमी झाली होती. आता कानस त्यांचा नातू चालवत होता. आम्ही ओळख सांगितली, हेडफोनवालं गाणं सांगितलं. त्यांना आम्ही आठवत नव्हतो. पण गिटारिस्टनं "खोटा गंधार" म्हटल्यावर ते हसले आणि म्हणाले, "तुमच्या पेटीतला का? तो बसला का मग?"

गिटारिस्ट गप्प. मी म्हणालो, "ते सगळं पुरात गेलं, चाचा."

"आमचं पण भिजलंय की एकोणीसला," ते म्हणाले. "गल्लीत नव्हतं पाणी, पण माल दिला होता सांगलीत एका बाईंना. तंबोरा भोपळ्यापासून उकलला. आणून दिला, पुन्हा जोडला." मग नातवाकडं बोट करून म्हणाले, "यानं जोडला."

मी त्यांना विचारलं, अ‍ॅपमुळे धंदा कमी झाला का. ते म्हणाले, "झाला थोडा. पण यंत्र कधी उतरत नाही ना. उतरत नाही म्हणून त्याच्याकडे कोण लक्ष देत नाही. तंबोरा दर पंधरा मिनिटांनी उतरतो, मग कान लावावा लागतो."

परत येताना सांगलीच्या बसमध्ये मी ती ४ मिनिटं ११ सेकंदांची क्लिप लावली. एक इअरफोन त्याला, एक मला. व्हॉट्सअ‍ॅपनं दाबून दाबून तिच्यातला बराचसा रस काढून टाकलाय. १९०५ च्या कर्ण्यानंही तेच केलं होतं: खालचं छाटलं, वरचं छाटलं, मधलं तेवढं ठेवलं. तरी खाँसाहेब ऐकू येतात. आमच्या क्लिपमध्ये चाचा जवारीचा धागा एक केसभर सरकवतात, तंबोऱ्याचा आवाज एकदम उघडतो आणि चार तारांत कुठंही न लावलेला गंधार वरून खाली उतरल्यासारखा ऐकू येतो. खरा गंधार, ३८६ वाला. मग ते म्हणतात, "आता बघ."

गिटारिस्टनं ती दोनदा ऐकली. विश्रामबागच्या स्टॉपवर उतरताना म्हणाला, "पाचव्याची सुरुवात एवढीच होती ना?"

"एवढीच."

"पुढचं मला आठवतंय," तो म्हणाला. "बरंचसं."

गेल्या महिन्यात त्यानं एक सेकंडहँड गिटार घेतली. पहिली फाइल परवा रात्री आली, ४० सेकंदांची, मागं दुकानाचं शटर पडल्याचा आवाज. मी ती ऐकायच्या आधी तीन ठिकाणी कॉपी केली.